दहा हजारावा पर्यटक

“वहिनी, पहिल्यांदा अभिनंदन,” असं सकाळी सकाळी फोनवर कुणी म्हणालं की मी आधी पाकीट कुठं ठेवलंय ते आठवते. आमच्या कराडात अभिनंदनाच्या मागोमाग काहीतरी येतंच, वर्गणी तरी येते नाहीतर गाडीभर माणसं तरी येतात. फोनवर विश्वजित होता. पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या पाण्याकाठी त्याचं रिसॉर्ट आहे, आणि सातारा-सांगलीच्या लॉजवाल्यांचं जे मंडळ आहे त्याचा तो अध्यक्ष. मी एका हातात दुधाची पिशवी आणि एका हातात फोन धरून जिन्याखाली उभी. “आपल्या पर्यटन निधीचा दहा हजारावा पर्यटक काल रात्री तुमच्या साईराज लॉजवर उतरलाय,” तो म्हणाला. “ॲपवर दिसलं. रात्रीच फ्लेक्स छापायला टाकला. नाश्त्याच्या सुमारास पोचतोच आम्ही. शाल, श्रीफळ, फेटा, सगळं आणतोय. दोन-तीन पत्रकारपण आहेत. पाहुण्यांना तेवढं थांबवून ठेवा, आणि जमलं तर जरा बरे कपडे घालायला सांगा.” काल रात्री आमच्याकडे एकच पाहुणा उतरला होता. त्याचं नाव बिरदेव, आटपाडीच्या पलीकडून आलेला, आणि त्याच्या हातात त्याच्या थोरल्या भावाच्या अस्थी होत्या.

मी ते विश्वजितला सांगितलं. आडवळणानं नाही, सरळ सांगितलं, की बाबा रे, तो माणूस भावाच्या अस्थी सोडायला आलाय, सुतकात आहे, त्याच्या अंगावर कसली शाल घालतोस. पलीकडे गाडीचा इंडिकेटर टिकटिकत होता. मग तो म्हणाला, “म्हणजे धार्मिक पर्यटनच झालं की, वहिनी.” आणि फोन ठेवला. मी दुधाची पिशवी तिथंच पायरीवर आपटली असती, पण दूध माझंच होतं.

निधी म्हणजे काय ते सांगते, नाहीतर माझा संताप उगाचचा वाटेल. मंडळानं ठराव केला की ज्याच्या लॉजला दहाच्या वर खोल्या असतील त्यानं भरलेल्या दर खोलीमागं दर रात्रीची ठरलेली रक्कम मंडळाकडं भरायची, आणि त्या पैशातून आपल्या भागाची जाहिरात करायची. म्हणजे पुण्याच्या रस्त्यावर मोठमोठे बोर्ड, धबधब्यांवरनं ड्रोन फिरवून काढलेले व्हिडिओ, आणि सगळ्यांवर एकच घोषवाक्य: या, रमा, सगळं विसरा. ठरावाला मतं माणशी नव्हती, खोल्यांवर होती. ज्याच्या खोल्या जास्त त्याची मतं जास्त. म्हणजे विश्वजितनं एकट्यानं हात वर केला असता तरी ठराव पास. साताऱ्याच्या त्या बैठकीत मी उठून सांगितलं की माझ्याकडं पर्यटक येत नाहीत. दवाखान्यात माणूस ठेवलेल्यांचे नातेवाईक येतात, इंजिनिअरिंगला पोरगं सोडायला आलेले आईबाप येतात, कारखान्याच्या कामाचे लोक येतात, आणि कृष्णा-कोयनेच्या संगमावर अस्थी सोडणारे येतात. यातलं एकसुद्धा माणूस तुमचा बोर्ड बघून आलेलं नाही, येणार नाही. तर हा म्हणतो, “वहिनी, घर सोडून मुक्कामाला आला तो पर्यटक.” सगळे हसले. चहा आला. त्यानंतर ॲप आलं. पाहुणा आला की त्यात नोंद करायची, आधारचा फोटो टाकायचा, आणि येण्याचं कारण निवडायचं: निसर्ग, साहस, खाद्यभ्रमंती, धार्मिक. पाचवा पर्यायच नाही. एकदा एका बाईचा नवरा आयसीयूत होता, तिच्या नोंदीला मी रागानं ‘साहस’ निवडलं. कुणाला काही फरक पडला नाही. निधी मात्र मी पाहुण्यांच्या बिलात कधी लावला नाही. बाकीचे लावतात. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याच्याकडनं रमण्याचे पैसे मी कुठल्या तोंडानं मागू? घरातनं भरते, बोटं मोडत भरते, पण भरते.

साईराज लॉज माझ्या सासऱ्यांनी, नाथाजींनी बांधलं. साईराज आमचा मुलगा, तो झाल्यावर सासऱ्यांनी लॉजला त्याचं नाव दिलं. आता तो पुण्याला असतो आणि त्याला हे नाव बोर्डावर बघायची लाज वाटते. लॉज संगमाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. अंगणात कडुलिंबाचं मोठं झाड आहे आणि त्या झाडाला सासऱ्यांनी लोखंडी आकडे मारून घेतलेत. अस्थी घरात घेत नाहीत, आणि आमचं लॉज झालं तरी छपराखालचंच, म्हणून आदल्या रात्री आलेला माणूस आपलं गाठोडं त्या आकड्याला बांधतो आणि सकाळी काढून नदीवर नेतो. मी लग्न होऊन रहिमतपूरहून या घरात आले तेव्हा पहिल्या रात्री खिडकीतनं बघितलं तर झाडाला तीन गाठोडी लोंबत होती. मी सासऱ्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “पावणे हायत. सकाळी जात्यात.” झालं. एवढंच. पुढं मलाही त्याचं काही वाटेनासं झालं. उलट एखाद्या रात्री झाड मोकळं असलं की चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. आणि आता त्याच लिंबाला मंडळाच्या दिव्यांच्या माळा आहेत. ‘दर्शनी भाग उजळा’ म्हणून योजना निघाली, प्रत्येक लॉजला माळा वाटल्या, आणि मी दोन दिवस माहेरी गेले तेवढ्यात आमच्या ह्यांनी वायरमन बोलावून बुंध्यापासनं शेंड्यापर्यंत गुंडाळून टाकल्या. हिरवा लागतो, निळा लागतो, मग सगळे मिळून लुकलुकतात. बटण कुठं ठेवलंय ते वायरमनलाच ठाऊक, आणि तो गेला उरुसाला. काल तिन्हीसांजेला बिरदेव फाटकातनं आत आला आणि त्या झाडासमोर नुसता उभा राहिला. पांढरं पागोटं, खांद्यावर घोंगडं, आणि छातीशी धरलेलं तांबड्या फडक्यातलं गाडगं. त्याच्या तोंडावर हिरवा उजेड, निळा उजेड. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, “दादा, माफ करा, हे दिवे बंद होत नाहीत.” तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या की. अंधाराचं त्येला आवडत न्हवतं.” आणि गाडगं आकड्याला बांधून, गाठ दोनदा ओढून बघून, तो नाव नोंदवायला आत गेला.

गाडग्यात होता तो त्याचा थोरला भाऊ अर्जुना. दोघं भाऊ दरसाल दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला यायचे, लोकांच्या रानात मेंढरं बसवायचे, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचे आणि पावसाच्या तोंडाला परत जायचे. सांगलीच्या अंगाची कृष्णा त्यांना जवळ, पण मरताना अर्जुना म्हणाला होता की मला संगमावरच न्या. हे सगळं मला रंगुबाईनं सांगितलं. रंगुबाई आमच्याकडं खोल्या झाडते, चादरी बदलते, आणि पाहुण्यानं पहिला चहा घेईपर्यंत त्याच्या तीन पिढ्या तिला ठाऊक असतात. काउंटरवर काल मी नव्हते, आमचे हे होते. त्यांना दूरचं दिसतं, जवळचं दिसत नाही, आणि चष्मा लावला की म्हातारे दिसतो म्हणून ते तो खिशात ठेवतात. त्याचं पुढं काय झालं ते नंतर सांगते.

विश्वजितचा फोन संपल्यावर मी वर गेले तर हे आरशासमोर. पांढरा शर्ट, दाढी गुळगुळीत. म्हणजे ह्यांना रात्रीच कळलेलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाले, “अगं, लॉजचं नाव होतंय, त्यात वाईट काय?” आमचे हे सुभेदार म्हणून रिटायर झाले. फौजेत चोवीस तास शिस्तीत राहिलेला माणूस बाहेर आला की त्याला एक काहीतरी व्यसन लागतं, ह्यांना सत्काराचं लागलं. सत्कार घ्यायचंपण आणि करायचंपण. आमच्या बेडरूमच्या कपाटाचा वरचा सगळा कप्पा शालींनी भरलाय. आदर्श व्यावसायिक, माजी सैनिक गौरव, गणेश मंडळाचे मार्गदर्शक, आणि एक तर चक्क ‘उत्कृष्ट श्रोता’. यातल्या निम्म्या शाली पुढच्या सत्काराला दुसऱ्याच्या खांद्यावर जातात. एक करड्या रंगाची शाल तर फिरून फिरून तिसऱ्यांदा आमच्याच घरी आली, मी तिच्यावरचा हळदीचा डाग ओळखला. मी म्हटलं, “अहो, सुतकातल्या माणसाला फेटा बांधणार तुम्ही? जरा तरी आहे का काही?” तर म्हणतात, “फेटा नको बांधायला. फक्त शाल. विश्वजितला सांगतो ना मी, डोंट वरी.” हे डोंट वरी म्हणाले की मी हमखास वरी करते. इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आणि मला हे सगळं एवढं का झोंबतंय, हे ह्यांना माहीत असायला पाहिजे होतं. तीन वर्षांपूर्वी माझे वडील सांगलीच्या दवाखान्यात होते. मी दवाखान्यासमोरच्या लॉजवर खोली घेतली. भिंती निळ्या, फिनेलचा वास, बादलीला कडी नाही. खाली काउंटरवर टीव्ही, आणि त्यावर दिवसभर एकच जाहिरात गोल गोल फिरायची, धबधबा, त्याखाली भिजणारी पोरंपोरी, हुर्डा खाणारं कुटुंब. मी रोज पहाटे दवाखान्यातनं डोळे लाल करून यायची आणि काउंटरवरचा माणूस किल्ली देताना विचारायचा, “काय ताई, फिरणं झालं का?” वाईट माणूस नव्हता तो. त्याला कुणीतरी शिकवलं असणार की पाहुण्याशी गोड बोलावं. पण मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटायची. वडील रहिमतपूरच्या नगरपालिकेत पाणीपट्टी खात्यात होते. सगळी हयात तिथं गेली. ते रिटायर झाले ते बरोबर लॉकडाऊनमध्ये, त्यामुळं निरोप समारंभ झाला नाही, नगरपालिकेतले नंतर बघू म्हणाले आणि नंतर कुणी बघितलं नाही. वडील हसायचे, म्हणायचे, “बरं झालं, भाषणं वाचली.” पण त्या दिवसासाठी इस्त्री करून आणलेला शर्ट त्यांनी पुढं कधी अंगाला लावला नाही, हँगरलाच राहिला. सांगलीत एक दिवस डॉक्टर म्हणाले, उद्या जनरल वॉर्डात हलवू. मला इतका आनंद झाला की मी गणपती पेठेत जाऊन एक साधी, पांढरी, निळ्या काठाची शाल घेतली. म्हटलं, उद्या कॉटवरच सत्कार करते, मीच अध्यक्ष, मीच पाहुणी, आई टाळ्या वाजवेल. ते त्याच रात्री गेले. मी लॉजवर परत आले तेव्हा धबधबा चालूच होता. चुलते म्हणाले, शाल आणलीच आहेस तर घाल त्यांच्या अंगावर, आणि मी दिली नाही. का दिली नाही ते मला अजून नीट सांगता येत नाही. राग आला होता एवढं खरं. जिवंतपणी कुणाला सुचलं नाही आणि आता म्हणे घाल. ती शाल पिशवीसकट कपाटाच्या तळाला पडून आहे. तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं, माझ्या लॉजवर असला माणूस आला तर त्याला कुणी ‘फिरणं झालं का’ विचारायचं नाही. एवढी एकच गोष्ट मी या धंद्यात सांभाळत आले, आणि तीच मोडायला गाडी निघाली होती.

मी ठरवलं, बिरदेवला त्यांच्या आधी नदीवर पाठवायचं. खाली आले तर तो आंघोळ करून लिंबाखालच्या कट्ट्यावर बसलेला, वर गाडगं, भोवती लुकलुक चालूच. मी म्हटलं, “दादा, ऊन चढायच्या आत निघता का? रिक्षा बोलावते.” तो म्हणाला, “निगतो की. भन यायची हाय रेल्वेनं, ती आली की निगतो. तिनं तोंड बघितलं न्हाई त्येचं.” मी म्हटलं, मग आत खोलीत बसा, चहा पाठवते. “हितंच बरं हाय, ताई. एकला टाकून कसं जाऊ?” तो एकेक सांगत राहिला, अगदी शेजारच्या माणसाविषयी सांगावं तसं, की दादा लय हट्टी, दादाला भाकरीबरोबर दूधच लागायचं, दादानं एकदा पुरात कोकरू खांद्यावर घेऊन कोयना वलांडली आणि वर येऊन कोकराच्याच मुस्काटात दिली, की का घाबरलास म्हणून. मी हसले. हसताना माझं लक्ष सगळं फाटकाकडं. मला वाटत होतं, रेल्वे आज तरी वेळेवर यावी. असल्या दिवशी ती येत नाही.

विश्वजितची गाडी आली, मागं एक टेम्पो आला. टेम्पोतनं दोघांनी फ्लेक्सची गुंडाळी उतरवली आणि आमच्या फाटकाला आडवी बांधायला घेतली. मी पुढं झाले, म्हटलं, विश्वजित, हात जोडते, हे आवर. तो म्हणाला, “वहिनी, पाच मिनिटं. आत्ता नाही केलं तर पेपरवाले जातात.” तेवढ्यात फ्लेक्स उलगडला. मागं धबधबा, कोपऱ्यात विश्वजित हात जोडून, खाली ‘दहा हजारावे पर्यटक, कराडनगरीत हार्दिक स्वागत’, आणि मधोमध दरवाजाएवढं मोठं तोंड. पागोटं, पांढऱ्या मिशा, रागीट डोळे. मी बघत राहिले. बिरदेवसारखंच होतं, पण बिरदेव नव्हता. त्याच्या मिशा खाली वळलेल्या, याच्या वर. खाली नाव वाचलं: मा. श्री. अर्जुना. मी वळून ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी खिशातनं चष्मा काढला, लावला, फ्लेक्स वाचला आणि चष्मा परत खिशात ठेवला. बिरदेवनं मृत्यूच्या दाखल्यासाठी भावाचं आधार आपल्याच बरोबर एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं, आणि ह्यांनी काल त्यातलं वरचं कार्ड उचलून ॲपवर टाकलं होतं. “दोघं सारखेच दिसतात गं,” हे हळूच म्हणाले. माझ्या तोंडात जे आलं ते मी इथं लिहीत नाही.

मला वाटलं, आता बिरदेव ओरडेल. निदान रडेल तरी. तो कट्ट्यावरनं उठला, फाटकापर्यंत गेला आणि मान वर करून त्या तोंडाकडं बघायला लागला. वाचायला त्याला येत नव्हतं. विश्वजितला या अदलाबदलीतलं काहीच कळलेलं नव्हतं, त्यानं घाईघाईनं शाल उलगडली आणि बिरदेवच्या मागं जाऊन उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, काका, इकडं बघा. बिरदेव दचकून मागं सरला. “शिवू नगा,” तो म्हणाला, “मला सुतक हाय.” विश्वजित शाल हातात धरून तसाच उभा. त्याचं तोंड बघून मला एक क्षण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आता लाज वाटेल याला, असं मला वाटलं. पण बिरदेवनं त्याच्या हातातल्या शालीकडं बघितलं, पुन्हा फ्लेक्सकडं बघितलं, आणि त्याचा आवाजच बदलला. “ही दादासाठनं आनली व्हय?” तो म्हणाला. “त्येचा फोटू लावला तुमी. येवडा मोटा.” फोटोवाला वळून फ्लेक्सवरचं नाव वाचायला लागला. “मग त्येलाच घाला की,” तो म्हणाला, आणि झाडाकडं बोट केलं.

विश्वजितनं माझ्याकडं बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं विचारण्यासारखं बघितलं असेल. मी मान हलवली.  तो लिंबाखाली गेला, चपला काढल्या, ते बघून बाकीच्यांनीही काढल्या, आणि त्यानं ती शाल त्या तांबड्या फडक्याभोवती घातली, दोन्ही पदर पुढं आणले, एका वायरीत अडकले ते सोडवले. नारळ कुठं द्यावा ते कळेना, म्हणून बुंध्याशी ठेवला. मग नुसतंच उभं राहणं आलं. सवयीचा माणूस तो, गप्प उभं राहणं त्याला माहितीच नाही. त्यानं घसा खाकरला आणि पाठ असलेलं बोलायला लागला, कारण दुसरं त्याला येतच नव्हतं. “आपण आमच्या भागात आलात, आम्हांला फार आनंद झाला. आमच्या पाहुणचारात काही कमी पडलं असेल तर सांभाळून घ्या. पुन्हा पुन्हा या.” मी डोळेच मिटून घेतले. आणि मागनं बिरदेव म्हणाला, “ईल की. दरसाल येतच हुता.” तो रडत होता आणि हसतपण होता, आणि पागोट्याच्या टोकानं नाक पुसत होता. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. आमच्या ह्यांनी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट ठोकला. मला राग यायला पाहिजे होता, पण नेमका कुणाचा, तेच सापडेना, आणि त्याचाच जास्त राग आला.

बहीण आली तेव्हा सगळे निघून गेले होते. तिनं फ्लेक्स बघितला आणि फाटकातच खाली बसली. बिरदेवनं तिला उठवलं, झाडापाशी नेलं, शाल दाखवली. रिक्षात बसताना त्यानं मला विचारलं, “हितं समद्यास्नीच आसा मान देत्यात व्हय, ताई?” मी सांगू शकले असते. चूक झाली, पर्यटन निधी, ॲप, चष्मा, सगळं. पण त्याच्या मांडीवर ते गाडगं शालीत गुंडाळून बसलेलं होतं. मी म्हटलं, “व्हय. समद्यास्नी.” तो म्हणाला, “नदीनंच मानसं अशी क्येली आसतील.” रिक्षा गेली आणि मी फ्लेक्स सोडायला गेले. हे म्हणाले, राहू दे दोन दिवस. मी राहू दिला.

त्याची बातमी कुठं आली नाही. विश्वजितनं दहा हजार एकावा पर्यटक स्वतःच्याच रिसॉर्टवर पकडला, एक आयटीवालं जोडपं, आणि त्यांना फेटे बांधले. साताऱ्यात निधीची मुदत वाढवायची बैठक झाली. मी तावातावानं भांडायला गेले होते. मतं खोल्यांवरच होती, ठराव पास झाला, चहा आला. विश्वजित माझ्याकडं यायचं टाळत होता, आणि जाताना जिन्यात म्हणाला, “वहिनी, त्या दिवशीचं कुणाला सांगू नका हं.” मी म्हटलं, सांगण्यासारखं काय होतं त्यात? तो म्हणाला, “तेच तर कळत नाही ना.” आणि निघून गेला. मी परत आले, निधी भरला. दिवे लुकलुकत होते. वायरमन उरुसाहून परत आला होता, पण मी त्याला बोलावलं नव्हतं.

परवा सकाळची गोष्ट. आदल्या संध्याकाळी एक नवराबायको आले होते, दगडाबाई आणि तिचा मालक, तेही आटपाडीच्याच पलीकडचे. सासूच्या अस्थी होत्या. आल्या आल्या दगडाबाईनं विचारलं, “दिव्याचं झाड हेच न्हवं?” मी म्हटलं, हेच. आकड्याला गाठोडं बांधलं, जेवले, झोपले. सकाळी बघते तर दोघं आंघोळी करून, धुतले कपडे घालून लिंबाखाली बसलेले. मी चहा पाठवला. मग अर्ध्या तासानं बघितलं तर तिथंच. मी म्हटलं, “काकी, ऊन चढतंय. नदीवर जायचं ना?” दगडाबाई म्हणाली, “जातो की. मानसं येऊंद्यात.” मी विचारलं, आणखी कोण यायचंय? तिनं नवऱ्याकडं बघितलं, नवरा जमिनीकडं बघत राहिला. मग ती म्हणाली, “शालवाली मानसं वो. बिरदेवानं सांगितलंय समद्या वस्तीला. आमास्नी सांगलीची नदी जवळ हुती, पर आमी मुद्दाम हितं आलो.”

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. वर्षभर निधी भरला, बोर्ड लावले, ड्रोन उडवले, आणि त्या सगळ्यातनं माझ्या लॉजला मिळालेलं पहिलं गिऱ्हाईक कुठलं, तर हे. मी विश्वजितला फोन लावला. तो महाबळेश्वरात होता, मागं बँड वाजत होता. मी फोन ठेवला. काउंटरवर आमचे हे चष्मा लावून बसलेले, त्यांनी सगळं ऐकलं होतं. “वरची करडी आण,” ते म्हणाले. मी वर गेले, कपाट उघडलं. करडी हातात घेतली, हळदीचा डाग तसाच. ‘उत्कृष्ट श्रोता’ घेतली, ठेवली. एकेक सगळ्या खाली काढल्या. दगडाबाईची सासू म्हणे आयुष्यभर चुलीपुढं राबली, कधी एसटीत बसली नाही. तिला गणेश मंडळाच्या मार्गदर्शकाची शाल घालायची? मग मी खाली वाकले आणि तळाची सांगलीची पिशवी बाहेर ओढली. शालीला अजून दुकानाचा वास होता. घड्या पिवळ्या पडायला लागल्या होत्या, काठ तेवढा निळा. मी ती तशीच हातावर घेऊन खाली आले.

लिंबाखाली चपला काढल्या. रंगुबाई झाडू टाकून येऊन उभी राहिली, हे येऊन उभे राहिले. दगडाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. मी शाल गाठोड्याभोवती घातली, पदर पुढं आणले. पांढऱ्यावर हिरवा उजेड पडला, निळा पडला. सगळे माझ्याकडं बघत होते. वडिलांच्या कॉटपाशी म्हणायचं म्हणून मी काहीतरी ठरवलं होतं त्या रात्री, पण ते मी पार विसरून गेले होते.  आणि मग माझ्या तोंडून, त्या विश्वजितला काय म्हणावं, तेच बाहेर पडलं. “आमच्या भागात आलात, आम्हांला फार आनंद झाला. काही कमी पडलं असेल तर सांभाळून घ्या. पुन्हा पुन्हा या.”

दगडाबाई डोळे पुसत म्हणाली, “व्हय. लय लाजाळू हुत्या त्या. पर तुमी यवडं बोलावताय, तर येतील.”